घर फक्त फॅमिलीवाल्याला

६ एप्रिल १९५९, सोमवार. यवतमाळ.

आज रुजू झालो! घाटंजीच्या मोटारीतून सकाळी साडेनऊला उतरलो तेव्हा अंगावर धुळीचा थर होता आणि खिशात बदलीचा हुकूम. घाटंजीच्या लहानशा डाकघरात सहा वर्षं शिक्के मारल्यावर जिल्ह्याच्या गावी सॉर्टर होणं काही कमी नाही. सकाळी सहा ते बारा टपालाची छाननी, मग सुट्टी. दुपारभर घर शोधायला मी मोकळा. इथले लोक अभिमानानं सांगतात की आपल्या भागात यवतमाळइतकी थंड हवा कुठेच नाही. एप्रिलच्या उन्हात घाम पुसत मी मान डोलावली.

कौसल्या आणि सुजाता अजून घाटंजीलाच आहेत, कौसल्येच्या भावाकडे. बाबारावांच्या दोन खोल्यांत आता नऊ माणसं झाली आणि त्यांच्या बायकोच्या कपाळावरची आठी मी निघतानाच पाहिली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत इथे बिऱ्हाड थाटायचं आणि सुजाताला पहिलीत घालायचं, एवढाच माझा कार्यक्रम. पोरीनं निघताना विचारलं, यवतमाळच्या शाळेला खरोखरची घंटा असते का. असते म्हणालो. कौसल्या म्हणाली, नव्या गावातलं सगळं लिहून ठेवा, आल्यावर वाचीन. म्हणून ही वही.

मुक्काम तूर्त नागोरावांच्या ओसरीवर. नागोराव इथला जुना पोस्टमन, पन्नाशीचा, बोलका माणूस. घर मिळण्याची त्याला खात्री आहे. म्हणतो, ‘कोनाचं टपाल बंद झालं ते मले मालूम असते, मुनेश्वरभाऊ. टपाल बंद म्हंजे घर खाली. आठ दिवसांत लावून देतो तुमाले.’

११ एप्रिल, शनिवार

पाच घरं पाहिली. पहिल्याचं भाडं ऐकून मी मालकाला नमस्कार केला तो निरोपाचाच. दुसऱ्याला स्वयंपाकघर नव्हतं. उरलेली तीन मात्र चांगली, परवडणारी, आणि तिन्ही ठिकाणी गाडी एकाच जागी अडली. आधी नोकरी विचारतात. सरकारी म्हटलं की चेहरा खुलतो. मग आडनाव. मुनेश्वर. मुनेश्वर म्हणजे कोणते? मी सांगतो, बौद्ध. यावर मालकाला एकदम आठवतं की घर तर कालच एकाला देऊन टाकलं.

यवतमाळातली सगळी घरं कालच गेली. मी रोज एक दिवस उशिरा पोचतो.

१५ एप्रिल, बुधवार

काल बाबासाहेबांची जयंती. मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडलो, बरं वाटलं. आज पुन्हा दोन घरं. एका बाईनं तर दार लावल्यावर मी उभा होतो ती पायरी धुतली. पाणी ओतल्याचा आवाज मी वळणावरून ऐकला. राग इतका आला की संध्याकाळी जेवलो नाही. उपाशी राहून त्या बाईचं काय बिघडलं कोण जाणे.

घाटंजीहून पत्र आलं. सुजाताला गोवर निघाला आहे, तीनेक आठवडे तरी तिला हलवता येणार नाही. बाबारावांच्या बायकोनं स्वतःची मुलं माहेरी पाठवली आणि पाठवताना सोन्यासारखे चार शब्द ऐकवले. कौसल्येनं ते शब्द लिहिले नाहीत. लिहायला हवे होते म्हणजे मला नीट चिडता आलं असतं.

१९ एप्रिल, रविवार

घर मिळालं! जवळजवळ.

जब्बार मिस्त्री म्हणून एक गृहस्थ आहेत, ऑइल इंजिनं दुरुस्त करतात. त्यांच्या घराला लागून कवेलूंनी शाकारलेल्या दोन खोल्या, मागे लहानसं अंगण. स्वच्छ, चुन्यानं रंगवलेलं, अंगणात लिंबाचं झाड. भाडं बारा रुपये. मिस्त्रींनी ना आडनाव विचारलं, ना जात. मीच सांगितली, तर म्हणाले, ‘ते घेऊन मले काय करायचं? फॅमिली है ना? बस. सड्या माणसाले मी घर देत नाही.’

कारणही सांगितलं. त्यांची बायको, कमरुन्निसा, गोषात असते. दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीत परात आडवी जाईल एवढी एक खिडकी आहे, बायकांनी वाटीभर काही द्यावं-घ्यावं म्हणून. घर दोन वर्षं रिकामं आहे आणि ती बिचारी त्या बंद खिडकीशी बसून असते. पलीकडे बाईमाणूस हवं, हीच तिची एक मागणी. मी अंगणात जाताना खाकरून जायचं, हा नियम. मला मान्य. पण फॅमिली या आठवड्यात आली पाहिजे, नाहीतर एक मास्तर सहकुटुंब तयार आहेत.

सुजाताच्या अंगावर गोवर आहे. मी काय करू?

२३ एप्रिल, गुरुवार

खोटं बोललो. शक्कल नागोरावाची. ‘सांगून टाका फॅमिली आली म्हून. गोशातली बाई, थे कायले पाहाले येते? भांडी वाजली, लुगडं वाळत घातलं, का झालं.’ मिस्त्रींना सांगितलं की बायको आणि मुलगी दुपारच्या मोटारीनं आल्या, मुलीला गोवर आहे म्हणून कुणी इतक्यात येऊ नका. त्यांनी किल्ली हातात ठेवली. मला लाज वाटली, पण किल्ली घेतली.

ट्रंकेत कौसल्येचं एक जुनं लुगडं होतं, वळकटी बांधायला दिलेलं. ते भिजवून दोरीवर टाकलं. सुजातासाठी घेतलेला नवा फ्रॉक शेजारी. मग भांडी आपटली. मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणालो, ‘अगं, ऐकलं का? चहा ठेव.’ आणि चहा मीच ठेवला. बत्तीस वर्षांचा घोडा, भातुकली खेळतो आहे.

३० एप्रिल, गुरुवार

नाटक अंगवळणी पडलं. बारा वाजता घरी येतो, खाकरतो, लुगडं भिजवतो, वाळत घालतो. ‘अगं ए, भाकरी वाढ.’ ‘अगं, पोरीला औषध दिलंस का?’ पलीकडे खिडकीशी बांगड्या वाजतात, कमरुन्निसा ऐकत असते. मिस्त्री खूश आहेत. काल त्यांच्या घरून वाटीभर शेवया आल्या. मी खाल्ल्या, वाटी धुऊन खिडकीत ठेवली.

कौसल्येला लिहिलं की घर झालं, लिंबाचं झाड आहे. बाकीचं लिहिलं नाही. ती हसली असती, पण भावाच्या घरी हसायचीही चोरी असेल.

४ मे, सोमवार

मिस्त्रींनी आज गल्लीत थांबवून आभार मानले. भाभींनी वाटी रिकामी पाठवली नाही, जवसाची चटणी घालून दिली, फार छान होती म्हणे.

मी जवस आणलेलाच नाही. हा माणूस माझी फिरकी घेतो आहे का? पण मिस्त्री तसे नाहीत. मी हो हो म्हणून निघून आलो. दुसरं काय म्हणणार? माझ्या घरात बाई नाही, असं सांगितलं की घर गेलं.

७ मे, गुरुवार

दुपारी बाराला आलो. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नाही. नियमाप्रमाणे अंगणाच्या दाराशी खाकरलो. आत बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

पलीकडच्या नव्हेत. आतल्या.

गेलो तर कुणी नाही. दोरीवरचं लुगडं काढून, घडी करून, खाटेवर ठेवलेलं. चोर म्हणावं तर चोर घड्या करत नाही. कमरुन्निसा खिडकीतून येऊन करून गेली असेल. बाई एकटी आहे, हौशी आहे. असंच असणार.

९ मे, शनिवार

नागोराव रुसला आहे. सकाळी छाननीच्या टेबलाशी येऊन म्हणाला, वहिनी आल्या अन् मले सांगतलंही नाही? काल तो आमच्या गल्लीत टपाल वाटत होता. दारातून तिनं तांब्याभर पाणी दिलं, लुगड्याचा पदर तोंडावर होता, पोरगी झोपली आहे म्हणाली.

मी म्हटलं, नागोराव, ही शक्कल तुमचीच. घरात कुणी नाही. तो म्हणाला, थट्टा पुरे. आणि थैली उचलून निघून गेला.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा मी देव सोडले आणि देवांबरोबर भुतंही सोडली. आता मांत्रिकाच्या दारात जाणार नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? पण संताप येतो. एवढी धडपड करून घर मिळालं आणि तेही मला नीट राहू देत नाही.

१२ मे, मंगळवार

मिस्त्रींना खरं सांगितलं. सगळं, लुगड्यापासून. घर गेलं तरी चालेल म्हणून सांगितलं. ते आधी हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घरवालीशी भांडण झालं वाटते. रोज सकाळी दोघी खिडकीशी बोलत बसतात, कमरुन्निसा दोन वर्षांत इतकी हसली नव्हती. वर विचारतात, ‘बिटिया काहून नाही दिसत? कमरुन्निसा पुसून राह्यली. भाभी म्हणते, येईल, येईल.’

येईल.

दुपारी पुन्हा घरं शोधायला निघालो. तीन पाहिली. तिन्ही कालच गेलेली.

१४ मे, गुरुवार

मला एक गोष्ट सुचली आहे आणि ती डोक्यातून जात नाही. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. मीही कधी मारली नाही. तीन आठवडे मी या रिकाम्या घरात ‘अगं, ऐकलं का’ म्हणत राहिलो. कुणाला म्हणतो आहे, हे एकदाही म्हणालो नाही.

जिनं ऐकलं तिनं ओ दिली.

मी, बळीराम मुनेश्वर, मॅट्रिक पास, हे लिहितो आहे. हसू येतं, तरी खोडत नाही.

कौसल्येचं पत्र. सुजाता बरी झाली, कधी येऊ? मी लिहिलं, इतक्यात येऊ नका. कारण दिलं नाही. कारण काय देऊ?

१६ मे, शनिवार

आज तोल गेला. आलो तर चूल गरम, ताटाखाली भाकरी झाकलेली. भूक होती, तरी ताट भिंतीवर फेकलं. मोकळ्या घरात उभा राहून ओरडलो, तू माझी बायको नाहीस. माझी बायको कौसल्या. ती घाटंजीला आहे, बाबाराव भगतांच्या घरी, माझ्या पोरीजवळ. तू निघ इथून.

सगळं गप्प झालं. मला वाटलं, गेली.

संध्याकाळी मिस्त्री येऊन रागावून गेले, बायकोवर असं ओरडतात का म्हणून. ते गेल्यावर डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तिच्यापाशी नाव नव्हतं, पत्ता नव्हता. दोन्ही मीच दिले.

१९ मे, मंगळवार

घाटंजीच्या थैलीचं टपाल लावताना एक कार्ड हातात आलं. जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. पत्ता बाबाराव भगतांचा. अक्षर कौसल्येचं, हुबेहूब.

‘ताई, तुम्ही येऊ नका. यांचं सगळं मी बघते. मुलीला मात्र पाठवा. तिचा फ्रॉक रोज धुऊन ठेवते आहे. आपली, कौसल्या.’

सहा वर्षांत कुणाचं कार्ड इकडचं तिकडे केलं नाही. आज खिशात घातलं. नोकरी जाईल अशी गोष्ट केली आणि जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

२१ मे, गुरुवार

आणखी एक. तेही खिशात. नागोरावाला गाठलं. तो म्हणाला, वहिनी दारात देतात, म्या पेटीत टाकतो. हात जोडून सांगितलं, यापुढे टाकू नका. तो म्हणाला, बाईमाणसानं माहेरी पत्र टाकू नये का? इथल्या सगळ्यांना वाटतं, मी बायकोला छळणारा माणूस आहे.

मी या घरात राहायला नको. पण मी सोडलं तर ती कुठे जाईल ते मला माहीत आहे. पत्ता आहे तिच्याजवळ. म्हणून बसलो आहे, पोरीपासून तिला इथे अडवून.

२५ मे, सोमवार

ऊन लागलं. डाकघरातच चक्कर आली. नागोरावानं घरी आणून टाकलं. ताप फार आहे. रजा लिहून दिली.

माझ्या जागी दुसरा सॉर्टर बसला असेल. कार्डं कोण पाहणार?

२७ मे

कपाळावर ओला फडका. कांद्याचा वास. मी डोळे उघडत नाही. उघडले की फडका खाली पडलेला असतो आणि खोलीत कुणी नसतं.

पाणी प्यालो. द्यायला नको होतं. म्हणजे, घ्यायला —

दाराची कडी उंच लावली आहे. मी लावलेली नाही. मिस्त्रींना हाक मारली. पलीकडून कमरुन्निसाचा आवाज आला, भाभी, भाऊंना ताप चढला वाटते. आणि आतून उत्तर गेलं, हो, बडबडतात.

कौसल्येच्या आवाजात.

२८ मे. सकाळ

मागचं दार पाहिलं. रांगत गेलो. त्यालाही कडी. ओट्यावर फ्रॉक ठेवला होता, इस्त्री केल्यासारखा.

दुपार

दारावर थाप.

कौसल्या. माझी. चुकणार नाही. मोटारीनं आली आहे. म्हणते, कोण ही बाई माझ्या नावानं कार्ड लिहिणारी. दार उघडा. पोरगी उन्हात उभी आहे —

उठलो. पडलो. कडीला हात पोचत नाही.

ओरडलो, कौसल्ये, मी आहे. माझ्याआधी आतून ती बोलली. शांतपणे. हे आजारी आहेत, निजलेत, तुम्ही जा.

बाहेर रडणं. रडू नकोस, अगं मी —

मिस्त्री आले. नागोरावही. कौसल्येला समजावताहेत, मुनेश्वरांची फॅमिली आत आहे, बाई, तुम्ही कोण? ती म्हणते, मी फॅमिली. मी त्यांची बायको. पुन्हा पुन्हा म्हणते आहे. दार ठोठावतो, पण माझ्या मुठीत जोर नाही, त्यांना ऐकू जात नाही —

मिस्त्री म्हणाले, लेकरू तरी सावलीत पाठवा. आमच्या घरात जा बेटा, पाणी पी.

नको. तिकडून अंगण. तिकडून खिडकी. कौसल्ये, तिचा हात सोडू —

सोडला.

पलीकडे कमरुन्निसा हरखली आहे. आली गं भाभी तुझी बिटिया. घे, सांभाळून घे —

खिडकीची लाकडी फळी सरकली. आमच्या अंगणात लहान पावलं.

आई, म्हणते आहे सुजाता. हसून. कौसल्या अजून इकडे, पुढच्या दारात रडते आहे, मला ऐकू येतं, आणि पोरगी मागे कुणाला आई —